आबांच्या कॅसेटी: कामाच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार. डोंबिवली

काकांनी गावाहून पाठवलेली पत्र्याची ट्रंक आज आली. कुडाळहून खासगी बसच्या डिकीतून, सुतळीनं बांधलेली, वर माझं नाव खडूनं. उघडल्यावर आधी वास आला: डांबरगोळ्या, ओला कपडा आणि जुन्या वहीचा.

मोजदाद: कॅसेटी २३. त्यातल्या १४ आबांच्या मंडळाच्या भजनाच्या, ९ बाजारातल्या डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याच्या. बाजारातल्या बाजूला ठेवल्या. एक लांबट जमाखर्चाची वही. झांजेची एक जोडी, दोरी कुजलेली. टेपरेकॉर्डर नाही. तो असणार नाही हे ठाऊक होतं, तरी ट्रंकेच्या तळापर्यंत हात घालून पाहिलं.

१४ पैकी ११ कॅसेटींना बुरशी. खिडकीतून आत पाहिलं की फितीच्या कडेवर पांढरी पिठूळ रेघ दिसते. कोकणातले चाळीस पावसाळे माळ्यावर काढल्यावर दुसरं काय होणार! ट्रंक बाल्कनीत हलवली. बुरशीची कॅसेट चांगल्या डेकमध्ये एकदा जरी लावली, तरी हेडवरून पुढच्या प्रत्येक कॅसेटला प्रसाद मिळतो.

१५ जून

काम कशाचं आहे ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुढे फाटे फुटणार नाहीत.

आबा माझ्या वडिलांचे वडील. १९४९ साली वेंगुर्ल्याहून बोटीनं मुंबईला आले, लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, लागले. साचेवाला म्हणून बत्तीस-तेहेतीस वर्षं. चाळीत गावच्याच अकरा गाळेकऱ्यांचं भजनी मंडळ होतं, त्याचे आबा बुवा. कोकणी भजनात बुवा म्हणजे पेटी वाजवणारा आणि गाणारा एकच माणूस. बाकीचे पखवाज, झांजा, टाळ आणि मागून उचलणारा कोरस. दर शनिवारी रात्री बसायचे, कारण रविवारी सुट्टी. गणपतीत सगळे गावी, आणि तिथे घरोघरी भजन.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात आबाही. पुढच्या वर्षी ते कायमचे गावी गेले. १९९६ साली वारले, कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायच्या दोन वर्षं आधी. मी तेव्हा आठ वर्षांची.

करायचं एवढंच: १४ कॅसेटींचं डिजिटल रूपांतर, आवाज होता तसा. 'होता तसा' या शब्दांखाली मी रेघ मारून ठेवतेय. चुलतभावाला मागे घुमणारा इको आणि व्हायोलिन टाकून हवंय. त्याला नंतर वेगळी प्रत देईन. देणार नाही बहुतेक.

२१ जून

आठवडाभर कॅसेटी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर होत्या. ओली बुरशी चिकट असते, पुसली की पसरते. वाळली की झडते.

आज गच्चीवर बसून झाडली. तोंडाला मास्क, हातात मोजे. सात कॅसेटींच्या कवचाला स्क्रू होते, त्या उघडल्या. चार चिकटवलेल्या, त्या कडेनं चाकू घालून फोडल्या आणि फितीची रिळं नव्या कवचात बसवली. मग भंगारवाल्याकडून खास यासाठी आणलेल्या डेकमध्ये, मऊ कापडाच्या घडीतून फीत सरकवत, पुढे-मागे गुंडाळली. प्रत्येक कॅसेटनंतर सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं. कापडावर तपकिरी डाग येतो, ती फितीवरची लोहाच्या ऑक्साइडची पूड. जास्त आली तर थांबायचं. क्र. ३ आणि क्र. १२ ला थांबले.

आईनं दोनदा येऊन विचारलं, जेवायला येणार आहेस का. तिसऱ्यांदा विचारलं नाही, ताट झाकून ठेवलं.

२८ जून

पहिलं ऐकणं. क्र. ४, चाळीतलं भजन, वर आबांच्या अक्षरात फक्त 'शनिवार'. कुठला शनिवार ते देव जाणे.

चांगला डेक महिनाभरापूर्वीच दुरुस्त करून घेतलाय: नवे पट्टे, नवा रबरी रोलर. वेग प्रमाण कॅसेटनं तपासलाय, ०.२ टक्क्यांच्या आत. माझं पोटापाण्याचं काम मोजमापाची उपकरणं तपासण्याचं आहे, त्यामुळे ही खाज जुनीच.

लावलं. आधी खडखड, मग कुणाचा तरी खोकला, मग "लावलास?" आणि "लावलंय" असा संवाद. पेटीचा भाता उघडल्याचा आवाज इतका जवळून आला की मी हेडफोन काढून मागे पाहिलं. टेपरेकॉर्डर पेटीवरच ठेवलेला असणार. पट्ट्यांची टकटक, भात्याची सुईसुई आणि त्याच्यावर आबांचा श्वास. श्वास आधी, सूर मागून.

मग गाणं सुरू झालं. गळा उंच, थोडा नाकात, घाईचा. लहानपणापासून ऐकलेला तोच.

संध्याकाळी वारंवारितेचा आलेख काढला आणि अडकले. ५० हर्ट्झवर एक सरळ रेघ दिसते. ती माझी, म्हणजे आत्ताच्या डोंबिवलीच्या विजेची, डेकमधून शिरलेली. तिच्या जरा वर, ५३ वर, दुसरी फिकट रेघ आहे. किंचित थरथरते. १०६ आणि १५९ वर तिची पिल्लं.

ही दुसरी रेघ चाळीतल्या विजेची आहे. आबांचा टेपरेकॉर्डर प्लगवर चालला होता, त्याची गुणगुण फितीत उतरली. भारतात वीज ५० हर्ट्झची. ती ५३ वर दिसते याचा अर्थ आबांचं मशीन ध्वनिमुद्रण करताना सहा टक्के हळू चालत होतं, आणि म्हणून बरोबर वेगाच्या डेकवर सगळं सहा टक्के जलद ऐकू येतं. सहा टक्के म्हणजे जवळजवळ नेमका एक अर्धस्वर.

म्हणजे 'लहानपणापासून ऐकलेला' तो आबांचा आवाज नव्हे.

२९ जून

बाबांना सांगितलं. चूक केली, रविवार गेला.

बाबांचं म्हणणं: आबा काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीची ती पट्टी सा धरून, गायचे, हे अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. त्यांना कसं ठाऊक? म्हणाले, मी स्वतः पेटीवर बोट ठेवून पाहिलंय. कुठल्या पेटीवर, कधी? तर १९९० च्या सुमारास, डोंबिवलीत घेतलेल्या पेटीवर, कॅसेट लावून. म्हणजे त्यांनी कॅसेटची पट्टी काढली. चूक नाही त्यांची, कॅसेटची पट्टी आजही काळी दोनच येते.

मी म्हटलं, खरी पट्टी पांढरी दोन असणार. तर म्हणाले, "तू आबांना अर्धा सूर खाली आणलास."

ज्यांना पेटी माहीत नाही त्यांच्यासाठी: पांढरी दोन आणि काळी दोन शेजारी-शेजारी आहेत, मध्ये एवढंसं अंतर. पण भजनी मंडळात पट्टी ही अब्रूची गोष्ट असते. वरच्या पट्टीत तार सप्तकातला गजर घेणाऱ्या बुवाकडे लोक वेगळ्या नजरेनं पाहतात.

एक शंका मात्र मलाच आहे. त्या काळात ग्रीडची वारंवारिता काही ५० वर खिळे ठोकून बसलेली नसायची, वर-खाली व्हायची. नुसत्या गुणगुणीवर विसंबून चालणार नाही. दुसरा पुरावा हवा.

६ जुलै, आषाढी एकादशी

काम नाही. उपास.

आबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. एकादशीला पाळीवर जाताना डब्यात वरीचे तांदूळ असायचे असं आत्या सांगते. पंढरपूरला ते आयुष्यात दोनदाच गेले, रजा मिळायची नाही. त्यांचा देव जास्त करून गावचा: ग्रामदेवतेच्या देवळातला सप्ताह, सात दिवस अखंड भजन, प्रत्येक वाडीचा ठरलेला पार, म्हणजे भजनाचा पहारा. आमच्या वाडीचा पार पहाटेचा. ज्या वेळी माणसाला सगळ्यात जास्त झोप येते, ती वेळ आमच्या नशिबी. आबा म्हणायचे, देवाला त्याच वेळी सोबत लागते.

१३ जुलै

मंडळातले एकच हयात आहेत, पखवाजवाले. आता बदलापूरला लेकाकडे. वय ८४. मी त्यांना आजोबा म्हटलं, तर म्हणाले, "काका म्हण, तुझ्या आजोबांपेक्षा दहा वर्षांनी लहान आहे मी."

पट्टीचं विचारलं. हसले. म्हणाले, पट्टी बुवाला विचार, मला फक्त पुडी विचार. पण मग हात पुढे करून दाखवू लागले, पखवाजाला सूर कसा मिळवायचा: शाईच्या बाजूला गट्टे ठोकून, आणि डावीकडे कणकेचा गोळा. कणीक जास्त झाली तर आवाज बसतो, वाळली तर कोरडा होतो. शनिवारी कणीक भिजवायचं काम चाळीत आजीचं. त्यातलीच थोडी बाजूला काढून उरलेल्याच्या चपात्या.

मग न विचारता एक गोष्ट सांगितली. साचेखात्यात शेकडो माग एकदम धडधडायचे, तिथे माणसं ओठ वाचून बोलायची. दहा-पंधरा वर्षांत कान जायचे. आबांचा डावा कान जवळजवळ गेलेला होता. म्हणून ते गाताना मधूनच हनुवटी पेटीच्या लाकडाला टेकवायचे. हाडातून सूर यायचा. कोरसला वाटायचं बुवा तंद्रीत गेले.

घरी येऊन क्र. ४ परत लावली. ओळ संपते, कोरस उचलतो, आणि तेवढ्यात पेटीजवळ एक बारीक 'टक' येते. दर वेळी. आधी मी ती यंत्राची समजून नोंदवहीत 'दोष' म्हणून लिहिली होती. खोडलं.

१९ जुलै. गाव, कुडाळ तालुका

काल रात्री ठाण्याहून गाडी पकडली, सकाळी कुडाळ. धो-धो पाऊस. काकांनी रिक्षातच सांगितलं की पेटी वाजत नाही.

पेटी वाजते. भात्याच्या चामड्याला भोक आहे, ते चिकटपट्टीनं बंद केलं. ही आबांचीच पेटी, मुंबई-गाव-मुंबई फिरलेली, खर्ज (खालचा) आणि नर (वरचा) अशा दोन सुरांची. गावी आली तेव्हापासून हलली नाही. काही पट्ट्या फुगून अडकल्यात, पण पांढरी दोन मोकळी आहे. खर्जाचे सूर कागदानं बंद करून नुसता नर मोजला, फोन जवळ धरून, दहा वेळा. सरासरी २९४ हर्ट्झ.

क्र. ४ मध्ये पेटीचा षड्ज, म्हणजे सा, येतो ३१३ वर. गुणगुणीच्या हिशेबानं १.०६ नं भागलं की २९५.

२९४ आणि २९५. चाळीस वर्षांत पितळेच्या जिभेवर धूळ नि गंज चढला की सूर थोडा उतरतोच, आणि ग्रीडचीही काही चूक असेल. दोन वेगळ्या वाटांनी येऊन फरक अर्ध्या टक्क्याच्या आत. ऑफिसात एवढ्यावर मी डोळे झाकून सही करते.

२० जुलै

आजीची परीक्षा. खरं तर परीक्षा फायलींची.

एकाच ओळीच्या पाच प्रती केल्या होत्या: मूळ वेग, आणि तीन, पाच, सहा, नऊ टक्के हळू. क्रम मिसळला, तिला काही सांगितलं नाही. आजी ८९ वर्षांची, कान शाबूत. ती गिरणीत कधी गेली नाही ना.

पहिली ऐकून म्हणाली, "पाऊस कमी झालो काय बघ." दुसरी ऐकताना डोळे मिटले, मला वाटलं रमली, ती झोपली होती. चहा झाल्यावर परत बसलो. गाण्यावरून तिला काही ठरवता येईना, सगळेच तिला बरे वाटत होते. मग मी ओळीच्या आधीचा खोकला असलेला तुकडा लावला, त्याच्याही पाच प्रती. पाच आणि सहा टक्क्यांच्या दोन तिनं पुन्हा-पुन्हा लावायला लावल्या.

"ह्यो," म्हणाली. सहा टक्के.

मी मूळ वेगाची परत लावली, मुद्दाम. मान हलवली. "तो कॅसेटीतलो. ह्यो घरातलो."

बाबांना फोन केला. ते म्हणाले, "आई काय, काहीही म्हणेल." मग थोड्या वेळानं त्यांचाच फोन, तो खोकला पाठव म्हणून.

२ ऑगस्ट. डोंबिवली

तेरा कॅसेटींचं काम उरकत आलंय. एकसारखं आहे: हेडचा कोन प्रत्येक कॅसेटला कानानं जुळवायचा, झांजेचा आवाज सगळ्यात स्वच्छ येतो तिथे थांबायचं, २४ बिटमध्ये घ्यायचं, सहाच्या आसपास टक्के उतरवायचे. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. क्र. ३ मध्ये कुणीतरी बाजूच्या गाळ्यातून "आवाज कमी करा" म्हणून ओरडतंय, आणि त्यानंतर आबा गजराची लय वाढवतात.

उरली क्र. ९. वर 'गणपती ८२'.

ही सगळ्या घराला तोंडपाठ आहे. ९० मिनिटांची कॅसेट, ब बाजूच्या शेवटी आबांचं गाऱ्हाणं. गाऱ्हाणं म्हणजे आरती झाल्यावर घरातल्या कर्त्यानं देवासमोर मोठ्यानं मागायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. या कॅसेटीत ते चिपाडासारख्या बारीक, धावत्या आवाजात आहे, कार्टूनमधल्या उंदरासारखं. नव्वदच्या दशकात दर चतुर्थीला आम्ही पोरं काकांच्या टू-इन-वनवर ती लावून लोळून हसायचो. आबाही हसायचे. एकदा तर त्यांनी आमच्यासाठी तसा बारीक आवाज काढूनही दाखवला होता. मला तेवढे आबा स्वच्छ आठवतात: पडवीत, खांबाला टेकून, डोळे मिचकावत.

या कॅसेटीत विजेची गुणगुण नाही. गणपतीच्या खोलीत प्लग नव्हता, मशीन सेलवर चाललं होतं. मग वही उघडली. गणपतीच्या खर्चात १९७८ पासून दर वर्षी एक ओळ आहे: 'सेल मोठे ४'. ७९ ला आहे, ८० ला आहे, ८१ ला आहे. ८२ ला नारळ, कापूर, गूळ. सेल नाही.

३ ऑगस्ट

क्र. ९ ब, मोजणी. ४५ मिनिटांची बाजू.

पहिली ३५ मिनिटं पेटीचा षड्ज ३१२ वर घट्ट. म्हणजे नेहमीचंच सहा टक्के. मशीनमधलं नियंत्रण सेलमध्ये जीव असेतो मोटरचा वेग धरून ठेवतं, आणि जीव संपला की एकदम सोडतं. ३६ व्या मिनिटापासून सूर चढायला लागतो. गजर संपतो तेव्हा षड्ज ३२६, अकरा टक्के. मग टाळ्या-झांजांची आरती, पेटी नाही. मग गाऱ्हाणं, पेटी नाही.

गाऱ्हाणं नेमकं किती चढलंय हे कळायला त्यात एक तरी ठरलेला सूर हवा, आणि त्यात बोलण्याशिवाय काही नाही. आबांच्या आवाजावरून ठरवायचं तर जे शोधायचं तेच गृहीत धरल्यासारखं होईल.

रात्री अकराला सापडलं. गाऱ्हाण्याच्या मध्यावर पेटीचा एकच सूर येतो, अर्धा सेकंद, भात्यात उरलेल्या हवेवर, आणि मागोमाग कुणाला तरी चापट मारल्याचा आवाज. मोजला: ३३५. कुठली पट्टी? काळी दोन धरली तर वेग आठ टक्क्यांवर येतो, म्हणजे मरणारे सेल चालता-चालता सुधारले, अशक्य. पांढरी एक धरली तर २८ टक्के, तेवढ्या वेळात एवढी उडी नाही. पांढरी दोन धरली तर चौदा. बसतं.

बाबांना झोपेतून उठवून ऐकवलं. ऐकल्या-ऐकल्या म्हणाले, "मीच तो." बारा वर्षांचे होते. आबा उठून देवासमोर उभे राहिले, पेटी मोकळी, समोर ती पट्टी, वर्षानुवर्षांच्या बोटानं गुळगुळीत झालेली. दाबली. आत्येनं चापट मारली. तेवढ्यावर सगळं अडलं होतं.

त्यांनी स्वतःच विचारलं, "पांढरी दोन?" मी हो म्हटलं. पट्टीचा वाद तिथे संपला, कुणी काही न बोलता.

९ ऑगस्ट

गाऱ्हाणं झालं.

अकरा ते चौदा, चौदा ते पुढे उतार तसाच धरून शेवटी सोळा, असा सरकता वेग दिला. एकदम न देता दहा-दहा सेकंदांचे तुकडे करून तपासला. "व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्यांत पखवाजवाले काका ओळखू येतात का हे पाहिलं. येतात.

आता काय ऐकू येतं ते उतरवून ठेवते.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी जी काय वेडीवाकडी सेवा झाली, ती गोड मानून घे रे म्हाराजा." व्हय म्हाराजा. "चाकरमानी मुंबयसून इले हत, तेंका सुखरूप ठेव रे म्हाराजा." व्हय म्हाराजा. मग नावं, थोरल्या आत्येपासून, एकेकाची. पेटी, चापट. नावं घेताना आवाज जड, सावकाश, प्रत्येक नावानंतर थांबतात. आम्हाला वाटायचं ते धडाधड नावं घेतायत, पाढे म्हटल्यासारखी.

आणि मग ते वाक्य, ज्याला आम्ही सगळ्यात जास्त हसायचो, कारण तिथे उंदीर मध्येच 'में' केल्यासारखा चिरकायचा:

"गिरणीचो भोंगो परत वाजांदे रे म्हाराजा."

ते चिरकणं नाहीये. शब्द 'परत' वर अडकलाय. गिळून पुन्हा उचललाय. मागून "व्हय म्हाराजा" लगेच येत नाही. आधी एकटा एक आवाज येतो, बाईचा, मग बाकीचे.

फाईलचं नाव ठेवलं, जतन केली. आणखी एकदा ऐकली नाही.

१० ऑगस्ट

आजीला फोन. सेलचं विचारलं, वहीत ८२ ला का नाहीत म्हणून.

"संपात पैसे खय होते नवे हाडूक? जुनेच घातले." मग म्हणाली, लोक उन्हात ठेवतात, तसे मीही ठेवणार होते. "पण चवथीक ऊन खय? चुलीच्या वैलाबाजूक ठेवून ऊब दिलंय तेंका, रातभर. तासभर तरी चलांदेत म्हटलंय."

पाऊण तास चालले, आजी.

मशीनचं पुढे काय झालं तेही तिनंच सांगितलं. पुढच्या वर्षी गाव गाठताना चाळीतच विकलं. बाबांची शाळेची फी भरायची होती. हे बाबांना माहीत नाही असं तिला वाटतं. बाबांना माहीत आहे असं मला वाटतं. दोघांनाही विचारणार नाही.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी. गाव

गणपतीवरच्या माटवीला सगळं लागलं: कवंडाळ, नारळ, सुपारीचे घड. सकाळपासून काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास. वाडीतली भजनं आता नव्या पोरांची, माईक, साउंड, गळे चांगले आहेत. चहा, करंज्या, पुढचं घर.

आरतीनंतर बाबांनी गाऱ्हाणं घातलं. त्यांची मालवणी आता डोंबिवलीची झालीय, मध्ये अडखळतात, काका पुरवतात.

मग भाच्यांनी हट्ट धरला, उंदराची कॅसेट लावा. त्यांच्यापर्यंत ही परंपरा पोचलीय, आमच्या आईबापांच्या कृपेनं. पेनड्राइव्हवर दोन्ही फायली होत्या. मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "नवी लाव."

लावली. पोरं हसायला तयार बसलेली. पहिल्या वाक्याला थोरला भाचा म्हणाला, ही ती नाही. कुणी उत्तर दिलं नाही. नावं सुरू झाली तशी आत्या आपल्या नावाला हलकेच "ओ" म्हणाली, हाक मारल्यासारखी. पेटीचा सूर आणि चापट आल्यावर ती आणि बाबा एकमेकांकडे न बघता हसले.

भोंग्याच्या वाक्यानंतर कॅसेटीत ती थांबलेली जागा आली. कॅसेटीतल्या बाईच्या आधी, आतल्या दारातून, आजी म्हणाली, "व्हय म्हाराजा."

नंतर धाकटी भाची माझ्या मांडीवर येऊन बसली आणि उंदराचीच लाव म्हणाली. तिच्यासाठी तीही लावली. सगळे हसले, आजीसुद्धा.

३१ ऑगस्ट. डोंबिवली

पेनड्राइव्ह सात केले: आत्या, काका, बाबा, बदलापूर, भावंडं तीन. क्र. ९ ब च्या दोन फायली, 'कॅसेटीतला' आणि 'घरातला' अशा नावांनी. चुलतभावानं पुन्हा इकोचं विचारलं.

बाबांनी डोंबिवलीची पेटी काढून पुसली. काळी दोनवर बोट ठेवलं, मग एक घर डावीकडे सरकवलं.

बाकी: क्र. १२ अ. फितीमागचा फेल्टचा चौकोन निखळून आत कुठेतरी पडलाय, त्यामुळे आवाज येतो-जातो. चिमट्यानं काढून नवा बसवायचा. बाजूवर तारीख नाही, नुसतं लिहिलंय, 'पहाटेचा पार'.